पिसाची लेखणी आणि कुंद्याचा बॉक्स

आपल्या मराठी वाङ्मय मंडळाच्या ई-अंकासाठी यंदा मुखपृष्ठ स्पर्धा घेतली, तिचा परीक्षक म्हणून मंडळानं मला बोलावलं. मी याच कॉलेजात मराठी घेऊन बी. ए. झालो. मग काही वर्षं एका छापखान्यात डीटीपीला बसलो आणि आता गेली १६ वर्षं बेळगावातच स्वतःचं डिझायनिंगचं काम करतो. लग्नपत्रिका, पुस्तकांची मुखपृष्ठं, लेबलं, खोकी, आणि निवडणुका आल्या की पत्रकं. निकाल लागल्यावर संपादक मंडळातली मुलं म्हणाली, ‘सर, आयडिया कशी सुचते त्यावर अंकात लिहा की.’ सुचते कशी ते मला नीटसं सांगता येणार नाही. पण सुचण्याआधी माणूस काय काय बघतो आणि कुठं बघतो, यावर थोडं सांगता येईल.

स्पर्धेला २३ चित्रं आली होती. ती मी एकाखाली एक लावून बघितली. १४ चित्रांत पिसाची लेखणी होती. नऊ चित्रांत उघडं पुस्तक आणि त्यातून पाखरांसारखी उडणारी अक्षरं. काहींत दोन्ही. दौत, मेणबत्ती, जुन्या कागदाचा पिवळा रंग हे तर बहुतेक सगळीकडे.

आता मला सांगा, आपल्यापैकी कुणाच्या घरात कुणी पिसानं मराठी लिहिल्याचं ऐकलंय? आपल्याकडे बोरू होता. नंतर टाक आला, मग फाउंटन पेन. देवनागरीच्या अक्षराला जी जाड-बारीक वळणं आहेत ती बोरूच्या तिरप्या कापलेल्या टोकातून आली आहेत. मराठी वाङ्मय मंडळाच्या अंकावर हंसाचं पीस येतं, ते आलं कुठून?

एका मुलाला मी हे विचारलं. पोरगा प्रामाणिक होता. म्हणाला, ‘सर, मी लिटररी मॅगझिन कव्हर असं टाकून शोधलं. सगळीकडं तेच होतं. मग मला वाटलं, असंच असतंय.’

मला त्याचा राग आला नाही. कारण हे मीही केलंय, आणि मी केलं तेव्हा त्याचे पैसे दुसऱ्या माणसाला मोजावे लागले.

धंदा सुरू करून मला दोनेक वर्षं झाली होती. गावातल्या एका मिठाईवाल्यांनी कुंद्याचा बॉक्स करायला दिला. दुकानाचं नाव इथं सांगत नाही. चूक त्यांची नव्हती, माझी होती. त्यांना सगळे काका म्हणतात, मीही म्हणतो. दिवाळीच्या तोंडावर अर्धा किलोचे आणि पाव किलोचे मिळून ३००० बॉक्स छापायचे होते. मी दोन दिवस इंटरनेटवर मिठाईचे बॉक्स बघत बसलो. दीडदोनशे तरी बघितले असतील. त्यांतून मनात एक चित्र तयार झालं: मरून रंग, सोनेरी वेलबुट्टी, कोपऱ्यात पणत्या आणि झाकणाच्या बरोबर मधोमध दुकानाचं नाव, ठसठशीत अक्षरांत. स्क्रीनवर बॉक्स असा काही देखणा दिसला की मीच खूश. काकांनाही आवडला. छपाई झाली, कटिंग-क्रीजिंग झालं, पेस्टिंग होऊन माल दुकानात पोचला.

वसुबारसेच्या दिवशी संध्याकाळी मी दुकानावरून जात होतो. सहज आत डोकावलो आणि तिथंच थांबलो. गल्ल्यामागच्या फळ्यांवर माझे बॉक्स एकावर एक, दहा-दहाच्या थप्प्या करून रचले होते. थप्पीत बॉक्सचं झाकण दिसत नाही, कड दिसते. आणि कडेला मी काय ठेवलं होतं? नुसता मरून पट्टा. अख्ख्या भिंतभर माझं काम लावलेलं, आणि दुकानाचं नाव एकाही ठिकाणी दिसत नव्हतं. अर्ध्या किलोचा आणि पाव किलोचा बॉक्स रंगानं सारखाच, शिवाय उंचीलाही जवळजवळ सारखा. म्हणून कामावरच्या पोरानं मार्करनं एकेका कडेवर ‘अ’ आणि ‘पा’ लिहून ठेवलं होतं. गिऱ्हाइकाला बॉक्स देताना तो त्याला दोरा बांधायचा, उभा एक, आडवा एक. त्या दोऱ्याची फुली बरोबर नावावर पडत होती. तळाचं तर विचारूच नका. कुंदा ताजा असला की तूप सुटतं. आतून लॅमिनेशन मी घेतलं नव्हतं, त्यामुळं तळाचा मरून रंग काळा पडून बोटांना लागत होता.

काका म्हणाले, ‘बॉक्स छान झालाय रे. पण तू दुकानात कधी उभा राहिलास?’

एवढंच. बिलाचे पैसे त्यांनी पुरते दिले. पुढच्या खेपेला डिझाइनचे पैसे मी घेतले नाहीत, पण त्याआधी दोन संध्याकाळी त्यांच्या दुकानात कोपऱ्यात स्टूल टाकून बसलो. पहिल्याच तासात जे कळलं ते त्या दीडदोनशे चित्रांत कुठंच नव्हतं. निम्मी गिऱ्हाइकं कुंदा घरी खायला नेत नव्हती, तर गावाला न्यायला घेत होती: पुण्याला, गोव्याला, मुंबईला. म्हणजे बॉक्स पिशवीत उभा राहणार, बसमध्ये आडवा होणार. जवळजवळ प्रत्येक जण एक प्रश्न विचारायचा, ‘किती दिवस टिकतोय?’ आणि पोरगा प्रत्येकाला तेच उत्तर द्यायचा, दिवसभर. झाकण निवांत वरून बघणारं माणूस एकच, ते म्हणजे ज्याच्या घरी भेट जाते ते. बाकी सगळ्यांना बॉक्स बाजूनं दिसतो.

हे सगळं वहीत लिहून झालं, तरी करायचं काय ते सुचत नव्हतं. सुचलं ते आपल्या कॉलेजच्या ग्रंथालयात. एका पुस्तकासाठी मी कपाटासमोर उभा होतो. पुस्तकाचं मुखपृष्ठ कपाटात कुणालाच दिसत नाही. दिसतो तो कणा. म्हणून तर कण्यावर नाव, लेखक आणि खाली ग्रंथालयाचा क्रमांक. मी कुंद्याच्या थप्पीकडे बघत असल्यासारखा त्या कपाटाकडे बघत राहिलो. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, ‘काय शोधायलास रे इतका वेळ?’

नवा बॉक्स साधा होता. नाव चारही कडांवर. अर्ध्या किलोला हिरवी पट्टी, पाव किलोला पिवळी. टिकण्याचे दिवस कडेवरच, मोठ्या अक्षरांत. झाकणाच्या मध्ये दोऱ्याच्या फुलीपुरती जागा मोकळी, आणि आतून लॅमिनेशन. तो बॉक्स घेऊन कुठल्या स्पर्धेत गेलो तर मला उत्तेजनार्थसुद्धा मिळणार नाही. पण किरकोळ बदल सोडले तर तो अजून चालू आहे.

पुढं काही वर्षांनी वाचनात आलं की हा माझा एकट्याचा रोग नाही, त्याचा रीतसर अभ्यास झाला आहे. अमेरिकेत डेव्हिड जॅन्सन आणि स्टीव्हन स्मिथ या दोघांनी १९९१ मध्ये काही प्रयोग प्रसिद्ध केले. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना त्यांनी छोटी कामं दिली: गाडीवर सायकली लावायचा स्टँड, अंध माणसाला वापरता येईल असा मापाचा पेला, न सांडणारा कॉफीचा कप. निम्म्यांना नुसतं काम सांगितलं. उरलेल्या निम्म्यांना त्यासोबत एक नमुना चित्र दाखवलं. त्या नमुन्यात मुद्दाम दोष ठेवलेले होते. कॉफीच्या कपाच्या वेळी तर सूचनेत स्पष्ट म्हटलं होतं की स्ट्रॉ किंवा तोंडाला लावायची तोटी वापरायची नाही, आणि नमुन्यात मात्र नेमकं तेच होतं. ज्यांनी नमुना बघितला त्यांच्या रेखाटनांत नमुन्यातल्या गोष्टी, दोषांसकट, जास्त आल्या. नको म्हणून सांगितलेली स्ट्रॉसुद्धा आली. नंतर असाच प्रयोग नोकरीत असलेल्या अनुभवी डिझायनरांवर केला, तर तेही त्यातून सुटले नाहीत. याला त्यांनी ‘डिझाइन फिक्सेशन’ असं नाव दिलं. मी आपलं ‘नमुना चिकटणं’ म्हणतो. बाभळीचा डिंक बोटाला लागावा तसा तो लागतो, आणि लागलाय हे कळायला वेळ जातो.

यातली मला भिववणारी गोष्ट वेगळीच आहे. नमुना बघणाऱ्या मुलांना आपण नक्कल करतोय असं वाटत नसणार. मी मरून बॉक्स केला तेव्हा मला एकदाही तसं वाटलं नव्हतं. मला सुचलंय असंच वाटत होतं.

मग माहिती शोधायचीच नाही का? तसं अजिबात नाही. माहिती नसलेल्या डोक्यात कल्पना येत नाहीत, तिथं नुसता आत्मविश्वास असतो. प्रश्न एवढाच आहे की आधी काय बघायचं.

यासाठी आपल्याच देशातलं एक उदाहरण मला फार जवळचं वाटतं. चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन जोडपं भारत सरकारच्या निमंत्रणावरून इथं आलं. त्यांच्या खुर्च्या जगभर गाजलेल्या. इथं फिरून त्यांनी एप्रिल १९५८ मध्ये ‘इंडिया रिपोर्ट’ सरकारला दिला. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ मध्ये उभी राहिली, तिच्यामागं हा अहवाल आहे. डिझाइन म्हणजे काय ते सांगायला त्यांनी राजवाडे घेतले नाहीत, लेणी घेतली नाहीत. त्यांनी लोटा घेतला. पाण्याचा, पितळी, घरोघरचा.

समजा लोटा नसताच आणि आज तो नव्यानं घडवायचा असता, तर काय काय माहीत करून घ्यावं लागलं असतं, याची त्यांनी यादी दिली आहे. पाणी एका वेळी किती आणायचं, किती ओतायचं, किती साठवायचं? उचलणारे हात कुणाचे, बाईचे की पुरुषाचे, केवढे, किती ताकदीचे? तो डोक्यावरून जाणार, कमरेवरून की हातातून? रिकामा असताना तोल कुठं, भरल्यावर कुठं? कमरेच्या वळणात तो बसतो का? तोंड केवढं ठेवलं तर आत हात घालून घासता येईल? आतलं पाणी गरम असेल तर धरवेल का? डोळे मिटून हात फिरवला तर कसा लागतो? दुसऱ्या भांड्यावर आपटला, दगडावर टेकवला, तर आवाज कसा येतो, रिकाम्याचा आणि भरल्याचा? ऊन पडल्यावर कसा दिसतो? मोडीत घातला तर काय किंमत येईल? तो जवळ असणं, विकणं, कुणाला देणं, यात माणसाला काय वाटतं?

आणि मग ते म्हणतात की लोटा कुणा एका माणसानं घडवलेला नाही. पिढ्यान्‌पिढ्या अनेकांनी थोडं थोडं बदलत, नको ते टाकत तो इथवर आणला आहे.

ही यादी पहिल्यांदा वाचली तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन आमच्या आजीचा तांब्या उचलून बघितला. आयुष्यभर त्यानं पाणी प्यालो होतो. त्याचा काठ बाहेरच्या बाजूला का वळवलाय हे मला त्या दिवशी कळलं: ओला हात असला तरी बोटं अडकतात. माहिती घरात होती. विचारलंच नव्हतं.

आता यादीत बघा, इतर लोटे कसे दिसतात असा प्रश्नच नाही. सगळे प्रश्न हाताचे, पाण्याचे, चालण्याचे आहेत. माझ्या कुंद्याच्या बॉक्ससाठी मी असे चार प्रश्न जरी लिहिले असते, दोऱ्याची फुली कुठं पडते एवढा एक जरी, तरी काकांचे ३००० बॉक्स वाचले असते. हल्ली मी कुठलंही काम आलं की कॉम्प्युटर लावण्याआधी वहीच्या एका पानावर अशी प्रश्नांची यादी करतो. पान भरेपर्यंत दुसऱ्याचं काम बघायचं नाही. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना हा नियम जाचक वाटतो. एक जण तर म्हणाला, ‘सर, एवढं लिहायला होतं तर मी वकील झालो असतो.’

पान भरलं की मग मात्र दुसऱ्यांचं काम खुशाल बघावं, भरपूर बघावं. क्लॉडिया एकर्ट या संशोधक बाईंनी विणलेल्या कपड्यांच्या कंपन्यांत जाऊन तिथले डिझायनर प्रत्यक्ष कसे काम करतात ते बघितलं, आणि मार्टिन स्टेसी यांच्याबरोबर त्यावर २००० साली लेख लिहिला. हे डिझायनर मासिकं, दुकानं, चित्रं, जुने कपडे असं सारखं काही ना काही बघत असतात. आणि एकमेकांशी बोलताना त्याच बघितलेल्या गोष्टींच्या भाषेत बोलतात: त्या अमुक स्वेटरसारखं, पण गळा मोठा. म्हणजे जुनी उदाहरणं ही त्यांची शब्दसंपत्तीच. आपल्याकडे शिंपी आणि गिऱ्हाईक याच भाषेत बोलतात. ‘तिच्या लग्नात मावशीनं घातला होता बघा, तसला ब्लाउज, बाह्या तेवढ्या कोपरापर्यंत.’ साहित्यातही वेगळं काय होतं? नुसती शब्दसंपत्ती असून भागत नाही, सांगायचं काय ते ठरलेलं लागतं, हे तुम्ही मराठीच्या मुलांना मी काय सांगावं.

जवळच्या उदाहरणापेक्षा लांबच्या उदाहरणानं डोकं जास्त मोकळं होतं, असा माझा अनुभव आहे. मिठाईच्या बॉक्सनं मला अडकवलं आणि पुस्तकांच्या कपाटानं सोडवलं. याचं सगळ्यांत प्रसिद्ध उदाहरण जपानच्या रेल्वेत आहे. तिथल्या शिंकानसेन या वेगवान गाड्या बोगद्यात शिरल्या की पुढची हवा दाबली जायची आणि दुसऱ्या टोकाला तोफ उडावी तसा आवाज व्हायचा. आसपासच्या वस्तीला त्रास. एजी नाकात्सू नावाचे इंजिनिअर या कामावर होते, आणि त्यांना पक्षी बघायचा छंद होता. एका तरुण सहकाऱ्यानं त्यांना सांगितलं की गाडी बोगद्यात शिरताना एकदम आक्रसल्यासारखी वाटते. त्यावरून नाकात्सूंच्या लक्षात आलं की प्रश्न अचानक बदलणाऱ्या रोधाचा आहे: मोकळ्या हवेतून एकदम कोंडलेल्या हवेत. मग त्यांनी स्वतःला विचारलं, असं रोज करणारा कुणी प्राणी आहे का? आहे. आपला खंड्या. हवेतून सूर मारून पाण्यात शिरतो आणि पाणी फारसं उडत नाही. वेगवेगळ्या आकारांच्या गोळ्या नळीत सोडून चाचण्या घेतल्या, तेव्हा सरस ठरलेला आकार खंड्याच्या चोचीच्या जवळ जाणारा निघाला. १९९७ मध्ये ५०० मालिकेची गाडी तसं लांबट नाक घेऊन धावली.

ही गोष्ट सांगताना बहुतेक लोक पक्ष्यापाशी थांबतात, ‘निसर्गाकडून शिका’ म्हणतात आणि टाळ्या घेतात. मला त्यातला तरुण सहकारी महत्त्वाचा वाटतो. गाडी आक्रसल्यासारखी वाटते हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. ते गाडीत बसणाऱ्याच्या अंगाला कळलेलं होतं. ते ऐकून घेतलं म्हणून प्रश्न नेमका झाला, आणि प्रश्न नेमका झाला म्हणून खंड्या आठवला. खंड्या तर नाकात्सूंनी आधीही शंभरदा बघितला असेल. आपल्याकडे तळ्याकाठच्या तारेवर तो रोज बसलेला असतो.

माहिती समोर असून न दिसण्याचं आणखी एक उदाहरण तर आपल्या लिपीतलंच आहे. रुपयाचं चिन्ह १५ जुलै २०१० रोजी सरकारनं स्वीकारलं. देवनागरी ‘र’ आणि उभी काठी नसलेला रोमन ‘आर’ एकमेकांत बसवून, वर दोन आडव्या रेघा. वरची रेघ म्हणजे आपली शिरोरेघ. हे चिन्ह काढणारे डी. उदयकुमार तमिळ घरातले. मुंबईच्या आयआयटीत त्यांनी तमिळ अक्षररचनेवरच संशोधन केलं. तमिळला शिरोरेघ नसते. मला राहून राहून वाटतं, ती रेघ त्यांना दिसली याचं एक कारण हेही असेल. आपण पहिलीपासून शिरोरेघ ओढतो, म्हणून आपल्याला ती दिसत नाही. हा माझा तर्क आहे, त्यांनी तसं म्हटल्याचं माझ्या वाचनात नाही. पण यातून मी एक सवय लावून घेतली. मराठी मजकुराचं काम असलं की ते आमच्या शेजारच्या कन्नडभाषक छापखानेवाल्यांना दाखवतो. त्यांना मराठी वाचता येतं, पण अक्षर आधी चित्र म्हणून दिसतं. ‘हे ल आणि हे व मिठी मारूलालेत बघा,’ असं ते म्हणतात आणि दोन अक्षरांतलं अंतर चुकलंय हे मला कळतं. सीमाभागात राहण्याचा असाही एक फायदा आहे, त्यावर कुणी बोलत नाही.

आता वहीबद्दल थोडं. गोव्याच्या लोटलीचे मारिओ मिरांडा तरुणपणी रोज चित्रमय रोजनिशी ठेवत. १९४९, १९५० आणि १९५१ च्या त्यांच्या रोजनिश्या पुढं पुस्तकरूपानं आल्या, मिळाल्या तर जरूर बघा. गावातली माणसं, घरातली माणसं, सण, जेवणं, सगळं त्या त्या दिवशी टिपलेलं. तेव्हा काही ती व्यंगचित्रांची तयारी म्हणून त्यांनी केली नसणार. पण पुढं त्यांच्या चित्रांत जी गर्दी दिसते, प्रत्येक माणूस निराळा, प्रत्येकाचं नाक निराळं, ती अशी आयत्या वेळी शोधून सापडत नाही.

मोबाइलमध्ये फोटो काढतो की आम्ही, असं तुम्ही म्हणाल. काढा. पण फोटो काढला की मन म्हणतं, झालं बघून. हातानं काढताना दोरा कुठं बांधलाय ते बघावंच लागतं. शिवाय वहीत मी प्रत्येक गोष्टीखाली कुठं बघितलं ते लिहून ठेवतो, तारखेसकट. त्याचं कारण थोडं नैतिक आणि थोडं व्यावहारिक आहे. सहा महिन्यांनी एखादी गोष्ट सुचल्यासारखी वाटते आणि ती खरं तर कुणाची तरी बघितलेली असते. वही उघडली की कळतं. एकदा एक पुस्तकाचं मुखपृष्ठ मी प्रकाशकाकडे पाठवायच्या बेतात होतो, तेव्हा वहीनं मला वाचवलं आहे.

आणि ते एआय. त्याबद्दल विचारल्याशिवाय तुम्ही मला सोडणार नाही. मीही वापरतो, मागची पार्श्वभूमी काढायला, चार रंगसंगती झटपट बघायला. पण त्याला तुम्ही ‘मराठी साहित्याचं मुखपृष्ठ’ एवढंच सांगितलंत की तो पिसाची लेखणी देतो. मी करून बघितलंय. बिचाऱ्यानं आजवर जे काढलं गेलं तेच बघितलेलं आहे. काकांच्या दुकानात स्टूल टाकून तो बसलेला नाही.

आता स्पर्धेकडे येतो, कारण निकालाबद्दल काही जणांची कुरकुर माझ्या कानावर आली आहे. पहिल्या बक्षिसाच्या चित्रावर ‘हे काय चित्र आहे का’ अशी टीका झाली. ते चित्र बी. ए. दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीचं आहे. चित्रात आपल्या मराठी विभागाबाहेरचा सूचना फलक आहे, हिरवं कापड लावलेला, आणि तो रिकामा आहे. म्हणजे कागद नाहीत. पण जुन्या सूचना काढल्यावर मागं राहिलेल्या टाचण्या आहेत, गंजलेल्या, काहींच्या टोकाला कागदाचा तुकडा अडकलेला. शेकडो भोकं आहेत. आणि मधोमध उन्हानं न विटलेला एक गडद हिरवा चौकोन, जिथं वर्षानुवर्षं मंडळाचं भित्तिपत्रक लागत असे, ई-अंक सुरू होईपर्यंत.

मी तिला विचारलं, हे कसं सुचलं? ती म्हणाली, तिनंही आधी इंटरनेटवर बघितलं, पीसबीस काढलं, मग कंटाळून वर्गाबाहेर येऊन उभी राहिली. कुणीतरी विचारलं, भित्तिपत्रक हल्ली लावत नाहीत काय? तेव्हा तिनं फलकाकडे बघितलं. मग तीन दिवस मधल्या सुट्टीत तिथं उभं राहून तिनं भोकं मोजली. शिपाई मामांनी तिला सांगितलं की तो गडद चौकोन त्यांच्याच हातचा आहे, दर महिन्याला त्याच जागी तेच टाचायचे. चित्रात खालच्या कोपऱ्यात पितळी टाचण्यांची एक डबी आहे. ती मामांची आहे, अजून त्यांच्या खणात असते, आणि ती काढायला त्यांनी आनंदानं दिली.

भोकं किती भरली ते मी विचारलं नाही. तिच्या वहीत असेल.